बर्फाचं चित्र किती शिळं?

मासळीबाजारात सुरमई घेताना आपण भाव नंतर विचारतो, आधी कल्ले उचलून बघतो. ध्रुवाकडच्या समुद्रात निघालेल्या कप्तानानं उपग्रहाचं चित्र हाती आल्यावर नेमकं हेच करायचं असतं. चित्र सुबक आहे की नाही, ते मागाहून. कोपऱ्यात छापलेली वेळ आधी.

24 डिसेंबर 2013 ला 'अकादेमिक शोकाल्स्की' हे रशियन जहाज अंटार्क्टिकाच्या कॉमनवेल्थ उपसागराजवळ अडकलं. मोकळं पाणी दोन-चार मैलांवर होतं. पण वाऱ्यानं जुना, जाड बर्फ जहाजाभोवती आणून लोटला. सोडवायला गेलेलं चिनी 'श्वे लाँग' स्वतःच बर्फात फसलं. 2 जानेवारीला त्याच्यावरच्या हेलिकॉप्टरनं 52 प्रवासी उचलून ऑस्ट्रेलियाच्या 'ऑरोरा ऑस्ट्रेलिस'वर नेले. आणि 7 जानेवारीला? वारा फिरला, बर्फात फटी पडल्या आणि दोन्ही जहाजं आपापली बाहेर आली.

मोकळा सरकणारा बर्फ साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या दोन टक्के वेगानं जातो. हा ठोकताळा नॉर्वेचा संशोधक नान्सेन याच्या 'फ्राम' जहाजावरच्या आर्क्टिक मोहिमेपासून, म्हणजे 1890 च्या दशकापासूनचा. आता तोंडी हिशेब करा. वारा ताशी 50 किलोमीटर, तर बर्फ ताशी एक. चित्र 12 तास जुनं असेल, तर त्यात दिसणारी बर्फाची कड आता 12 किलोमीटर सरकलेली असू शकते. आणि ती नेमकी वाऱ्याच्या दिशेनंही जात नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे कलते, दक्षिणेत डावीकडे. म्हणून वाऱ्याचा अंदाज शेजारी नसेल, तर मी चित्राला अर्धंच मानतो.

आता हे चित्र येतं कुठून? साधा कॅमेरा तिथे फारसा कामाचा नाही. आर्क्टिकच्या हिवाळ्यात महिनोन् महिने रात्र, आणि दोन्हीकडे ढग. उपग्रहावरचं रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परत आलेला भाग मोजतं, त्यामुळे ढग आणि अंधार दोन्ही आड येत नाहीत. शांत पाणी आरशासारखं लहर पलीकडे फेकतं, ते काळं दिसतं. जुना बर्फ उजळ दिसतो, कारण त्यातलं खारं पाणी झरून गेलेलं असतं आणि मागे हवेचे बुडबुडे उरलेले असतात. एवढं वाचून कुणाला सोपं वाटेल. पण पाणी वाऱ्यानं खवळलं की तेही बर्फाइतकंच उजळतं. उन्हाळ्यात वरचं हिम ओलं झालं की रडारला खालचं काही कळत नाही, आणि भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा तर उन्हाळ्यातच जातात! म्हणून ही चित्रं वाचायला जाणता माणूस लागतो. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानं मोहिमांच्या जहाजांना बर्फाचे सल्ले दिले, ते याच कामातून.

चित्र ताजं राहण्यात दुसरी अडचण पोहोचवण्याची. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह दिवसाला 14-15 फेऱ्या मारतो, आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत ध्रुवांच्या आसपासून जातो. उपग्रहाची चित्रं उतरवून घेणाऱ्या हैदराबादजवळच्या शादनगरच्या ग्रहण केंद्राला त्यातल्या मोजक्याच फेऱ्या दिसतात. इसरोनं 2013 मध्ये अंटार्क्टिकातल्या भारताच्या 'भारती' तळावर ग्रहण केंद्र उभारलं, ते त्यासाठी. भारती 69 अंश दक्षिणेला आहे, आणि या मोहिमांचा कारभार गोव्यातल्या आपल्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. जहाजापर्यंत शेवटचा टप्पा उरतोच. विषुववृत्तावरचे दळणवळण उपग्रह ध्रुवाकडे जाता जाता क्षितिजाखाली उतरतात. इरिडियम या दळणवळण जाळ्याचे 66 उपग्रह तिथेही पोहोचतात, पण त्याची जुनी जोडणी सेकंदाला 2.4 किलोबिटची. शेकडो मेगाबाइटचं चित्र त्यातून पाठवत बसलात तर बर्फ वितळून जाईल. म्हणून किनाऱ्यावरचा माणूस वाटेपुरता तुकडा कापून, दाबून, लहान करून पाठवतो.

उपग्रह बंदही पडतात. युरोपचा सेंटिनल-1बी हा रडार उपग्रह डिसेंबर 2021 मध्ये विजेच्या बिघाडानं गप्प झाला. त्याची जागा घेणारा 1सी डिसेंबर 2024 मध्ये गेला. मधली तीन वर्षं चित्रांमधलं अंतर वाढलं.

एवढं सगळं जुळलं तरी एक गोष्ट निसटतेच. हिमनदीतून तुटलेला मोटारीएवढा तुकडा पाण्यावर जेमतेम हातभर दिसतो. उपग्रहाच्या चित्रातला एकेक ठिपका 40 मीटरचा, त्यात तो उमटतच नाही. लाटा असल्या की जहाजाचं रडारही त्याला चुकवतं. मग अंधारात वेग कमी करायचा, सर्चलाइट लावायचा आणि पुढे माणूस उभा करायचा. डोळाही फसतो. नोव्हेंबर 2007 मध्ये 'एक्सप्लोरर' या पर्यटक जहाजाच्या कप्तानाला अंटार्क्टिकाजवळच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत समोरचा बर्फ एका वर्षाचा, मऊ वाटला. तो निघाला जमिनीवरून आलेला, दगडासारखा. पत्रा फाटला. जहाजावरचे 154 जण काही तास उघड्या समुद्रात छोट्या होड्यांमध्ये होते, मग नॉर्वेच्या 'नॉर्डनॉर्गे'नं त्या सगळ्यांना उचललं. 'एक्सप्लोरर' त्याच दिवशी बुडालं.