बेगमी हंगामात होते

नमस्कार मंडळी. गेल्या पंधरवड्यात मला तीन जणींनी जिन्यात थांबवून एकच प्रश्न विचारला, “ताई, तेल-डाळ भरून ठेवू का? महागणार म्हणतायत.” त्यामुळे मंडळाने आज बोलायला सांगितलं तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

भरून ठेवायला माझा विरोध नाही. मी भरणाऱ्या घरातच वाढले. होळी झाली की आई लोकवन गव्हाची चौकशी सुरू करायची. पोती आली की गच्चीवर जुनी लुगडी अंथरून गहू पसरायचा आणि आम्ही मुलं कावळ्या-चिमण्यांवर राखण करायचो. गहू वाळला की नाही, ते आई दाताने ठरवायची. दाणा कट्कन तुटला की झालं. नुसता दबला, तर अजून एक ऊन. पण तापलेला गहू ती लगेच कोठीत भरू द्यायची नाही. रात्रभर निवू द्यायचा, नाहीतर आत घाम धरतो आणि पावसाळ्यात पोरकिडे होतात. मग एरंडेलाचा हात, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला, तोही खडखडीत वाळलेला. झाकणाच्या फटीला कणकेचा लेप. एवढं केलं की पुढच्या फाल्गुनापर्यंत गव्हाची काळजी नसे.

यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, कारण ती आपोआप होत होती. आई गहू घ्यायची तो बाजार मालाने भरलेला असताना. नवा गहू एकदम येतो, भाव उतरलेला असतो, शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं. तेव्हा दोन पोती उचलली तर कोणाच्या तोंडचा घास जात नाही. याला बेगमी म्हणतात. टंचाईची बातमी ऐकून पिशव्या घेऊन धावतो, ती बेगमी नव्हे. ती धास्ती.

मीही धावले आहे. २४ मार्च २०२०. रात्री आठला टाळेबंदीची घोषणा झाली आणि साडेआठला मी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर रांगेत. दुकानदार सांगत होता, “काकू, माल येणारे, दुकान उघडं राहणारे.” कोण ऐकतंय! मी वीस किलो कणीक, पाच किलो रवा आणि आठ किलो तूरडाळ घेतली. माझ्यामागे एक बाई होती, पलीकडच्या बांधकामावरची. तिला पाव किलो डाळ आणि छोटी तेलाची पिशवी हवी होती. तिचा नंबर आला तेव्हा डाळीचं पोतं रिकामं झालं होतं. तिने विचारलं, “उद्या येईल का?” आणि माझ्या पिशव्यांकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. त्या आठातली एक किलो तिला देता आली असती, हे मला घरी आल्यावर सुचलं. आज सहा वर्षांनीही ते मला बोचतं.

जूनमध्ये त्या कणकेत अळ्या झाल्या, रव्याला जाळी धरली. गहू वर्षभर टिकतो, पीठ टिकत नाही. दळलं की त्याचं आयुष्य महिन्या-दोन महिन्यांवर येतं, पावसाळ्यात त्याहून कमी. घाईत माणूस नेमकं तयार पीठच उचलतो.

दुकानातला माल संपतो कसा, तेही बघा. समजा, एका दुकानावर दोनशे घरं आहेत आणि घरटी महिन्याला दोन किलो डाळ लागते. दुकानदार आठवड्याला शंभर किलो आणतो. एका संध्याकाळी पन्नास घरांनी चार-चार किलो मागितली की दोनशे किलो झाली. डाळ कुठे नाहीशी झालेली नसते. पोत्यातून आपल्या डब्यात गेलेली असते. पण रिकामं पोतं बघून उरलेली दीडशे घरं घाबरतात, आणि दुसऱ्या दिवशी भाव चढतो.

२०१५च्या दिवाळीआधी तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा पाऊस कमी झाला होता, उत्पादन खरंच घटलं होतं, आणि व्यापाऱ्यांच्या गोदामांवर छापे घालून हजारो टन डाळी जप्त कराव्या लागल्या होत्या. मोठा साठेबाज हा मोठाच गुन्हेगार, त्याची बरोबरी मी घरच्या डब्याशी करणार नाही. पण तूर आपल्याकडे वर्षातून एकदाच येते, साधारण जानेवारीपासून. ज्यांनी फेब्रुवारीत डाळ भरली त्यांना दिवाळीत दुकानात जावंच लागलं नाही.

आणि भीतीचा टोकाचा हिशोब बघायचा तर १९४३चा बंगाल. युद्ध चालू, ब्रह्मदेश जपानने घेतलेला, तिकडचा तांदूळ बंद. डिसेंबर १९४२ मध्ये कोलकात्याच्या घाऊक बाजारात तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता, पुढच्या ऑगस्टमध्ये ३७. लाखो माणसं भुकेने आणि रोगराईने गेली. अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवलं की १९४३ साली बंगालमधला तांदळाचा पुरवठा १९४१पेक्षा जास्तच होता. युद्धाच्या पैशाने भाव फुगले, व्यापाऱ्यांनी माल दाबला, आणि ज्यांच्या घरात होता त्यांनी भीतीपोटी तो घरातच ठेवला. मेले ते शेतमजूर, कोळी, होडीवाले. रोज कमावून रोज विकत घेणारे. मला त्या आकड्यांच्या मागे ती पाव किलो डाळवाली बाईच दिसते.

मग करायचं काय? ज्याच्याजवळ एकरकमी पैसा आहे तोच हंगामात भरू शकतो, ही खरी अडचण आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५पासून एक वाट दाखवली आहे. शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एकत्र आणून वाटून घ्यायचा. मागणी आधीच कळते, त्यामुळे धावपळ होत नाही. आमच्या इमारतीत आम्ही चार वर्षांपासून त्याला एक जोड दिली आहे. बारा घरांच्या गव्हात इथे कामाला येणाऱ्या पाच जणींचाही गहू एकत्र मागवतो. त्यांचे पैसे आम्ही आधी भरतो, त्या दहा महिन्यांत जमेल तसे फेडतात. आजवर एकीचाही हप्ता बुडालेला नाही. पहिल्या वर्षी त्यातली एक म्हणाली, “ताई, पोत्यानं गहू माझ्या घरात पहिल्यांदाच आला.” तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत कोठीला जागा नाही, म्हणून तिचा पिंप आमच्या जिन्याखाली आहे आणि त्याची किल्ली तिच्याकडे.

यंदाचा गहू गुरुवारी येतो आहे. रविवारी सकाळी सातला गच्चीवर पसरायचा आहे. ऊन चढायच्या आत हात जितके जास्त तितकं बरं. येताना सूप आणि एखादी जुनी सुती साडी घेऊन या.