जे सहज उतरतं, ते आधी काढा

(बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एका आहारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ऑपरेशनला दीड-दोन वर्षं झाली की समोर बसलेला माणूस हमखास विचारतो, "मॅडम, आता आणखी काय बंद करू?"

आधी काय काय बंद केलंय ते मी ऐकून घेते. पोळी बंद, भात बंद, तूप बंद, केळं बंद. अंडं जड जातं म्हणून बंद. चिकन अडकतं म्हणून बंद. पनीर खाल्लं की छाती भरल्यासारखी होते म्हणून तेही बंद. मग दिवसभर चालू काय? सकाळी चहा, त्यात बुडवलेली मारी बिस्किटं. अकराला चिवडा, "अगदी मूठभरच हो." दुपारी वरणाचं पाणी. पाचला पुन्हा चहा आणि खारी. रात्री भूक नसते, म्हणून कपभर दूध, साखर घालून. ऐकताना यात वावगं काही वाटतच नाही. आणि वजनाचा काटा मात्र हळूहळू वर सरकत असतो.

बंद करण्यासारख्या गोष्टी आहेतच, मंडळी. पण बहुतेक जण नेमक्या उलट्या गोष्टी बंद करतात. जे खाल्ल्यावर पोट भरल्याचं कळतं ते काढून टाकतात आणि जे पोटाला कळतच नाही ते ताटात ठेवतात.

असं का होतं? स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, साधारण १०० ते १५० मिली मावेल एवढी. बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) जठराच्या वरच्या भागाची पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात; ही पिशवी त्याहूनही लहान, ३० मिलीच्या आसपास. या पिशवीत घट्ट पदार्थ गेला की तो तिथे काही काळ बसतो, भिंतीवर ताण येतो आणि "बास" असा निरोप मेंदूकडे जातो. ऑपरेशनचा निम्मा फायदा या निरोपात आहे. पातळ किंवा विरघळणारा पदार्थ थांबतच नाही, आला तसा खाली जातो. ताण नाही, म्हणून निरोप नाही, म्हणून पुन्हा जागा रिकामी.

चिवड्याचंच बघा. ऑपरेशन झालेला माणूस ५० ग्रॅम पनीर खायला बसला, नीट चावून खाल्लं, की निम्म्यावर हात थांबतो. तोच माणूस टीव्हीसमोर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसतो. पातळ पोहे तोंडात लाळेनेच मऊ होतात. वर चहाचा घोट. सगळ्याची पातळ पेज होऊन खाली उतरते. मालिका संपते, डब्याचा तळ दिसायला लागतो आणि पोट म्हणतं, जेवायला काय आहे? तळलेला चिवडा, फरसाण, शेव, यांत १०० ग्रॅमला साधारण ५०० कॅलरी असतात. ऑपरेशननंतर अनेकांचा सगळ्या दिवसाचा आहारच हजार-बाराशे कॅलरींचा असतो. त्यातल्या निम्म्या त्या डब्यात गेल्या आणि प्रथिनं हाताला लागली नाहीत. म्हणून माझ्या यादीत बंद करायचा पहिला पदार्थ भात नाही, चिवडा आहे. त्याच्याबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटं, वेफर्स, पापड. कुरकुरीत आणि तोंडात विरघळणारं जे जे, ते सगळं. "मल्टिग्रेन" असं पाकिटावर छापलं म्हणून पोटाला फरक पडत नाही.

दुसरा नंबर चहाचा. चहा बंद करा म्हटलं की आपल्याकडे माणसं माझ्याकडे येणंच बंद करतील, त्यामुळे मी चहा बंद करत नाही, साखर बंद करते. दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, वर दुधाच्या ५०-६०. एक कप शंभरावर गेला. घरी दोन, ऑफिसात दोन, कुणाकडे गेलं की "घ्या हो अर्धा कप": चारशे-पाचशे कॅलरी नुसत्या पिऊन झाल्या. उसाचा रस, कोकम सरबत, आमरस, फळांचे ज्यूस, मिल्कशेक यांचाही हिशोब तोच. फळ चावून खा, पिऊ नका. ताक मात्र प्या, बिनसाखरेचं, पण जेवताना नाही. जेवताना पाणी किंवा ताक पिण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तीच इथे नडते. घोटाबरोबर घट्ट अन्नही पुढे ढकललं जातं. जेवणानंतर अर्धा तास थांबा. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी मात्र पोटात गेलंच पाहिजे.

बायपासवाल्यांना गोडाच्या बाबतीत एक पहारेकरी मिळतो. जिलबी किंवा बासुंदी जरा जास्त झाली की अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. एकदा अनुभवलं की जिलबीकडे बघायचं धाडस होत नाही. पण त्याचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर धाडकन उतरते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस घाबरून पेढा तोंडात टाकतो. साखर चढते, पुन्हा उतरते, पुन्हा पेढा. साखर खरंच उतरलेली असेल तर थोडं गोड घ्यावंच लागतं, पण त्याच्या मागोमाग प्रथिनांचं काहीतरी खा. आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. स्लीव्ह झालेल्यांत हा त्रास कमी असतो, काहींना होतच नाही. म्हणजे त्यांना पहारेकरी स्वतःच व्हावं लागतं.

आता उपवास. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. ऑपरेशननंतर उपवास करावा का हा तुमचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण साबुदाण्यात मी पडणारच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. वर तूप, बटाटा आणि चिकटपणा. हा गोळा घशाशी अडकतो तरी किंवा मऊ असेल तर सरसर उतरतो तरी, आणि दोन्ही वाईटच. उपवासाला दही, पनीर, दूध, राजगिरा, मोजून शेंगदाणे एवढं चालतं. "साबुदाण्याशिवाय उपवास कसला?" असं घरातल्या थोरल्या बाई म्हणणार. त्यांनी खुशाल खावा, त्यांचं ऑपरेशन झालेलं नाही.

दारूबद्दल दोनच वाक्यं. बायपासनंतर ती फार लवकर आणि फार चढते, आणि तिच्या कॅलरीही पिऊनच होतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं, तेव्हा "एक पेग काय होतो" असं म्हणणाऱ्यांनी जपावं.

मग पोळी-भाताचं काय? सुरुवातीच्या महिन्यांत मऊ पाव, चिकट भात, कोरडी पोळी खरोखर अडकते. छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ पाणी सुटतं. तेव्हा दूर राहा. पुढे पोट स्थिरावल्यावर आमटीत कुस्करलेली चतकोर भाकरी किंवा दोन चमचे भात यांनी वजन वाढत नाही. फक्त क्रम सांभाळा: आधी अंडं, मासा, चिकन, पनीर, उसळ, घट्ट वरण, मग भाजी, जागा उरलीच तर भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांतून १२ मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून १८, बांगड्याच्या १०० ग्रॅममधून साधारण १९-२०. वरणाच्या पाण्यातून जवळजवळ काहीच नाही. शाकाहारी मंडळींना हे गणित जमवायला कसरत करावी लागते, मान्य आहे. सोयाबीनच्या वड्या आणि गरज पडली तर प्रोटीन पावडर यांच्याशी मैत्री करा. आणि अंडं "जड" लागतं ना? लागू दे. तेच हवंय. हळू, बारीक चावून खा, वीस मिनिटं घ्या. घाईने खाल्लेल्या घासाचा दोष अंड्यावर ढकलू नका.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "पाच दिवस नुसतं लिक्विड घेऊन पिशवी पुन्हा लहान करा" असे व्हिडिओ फिरतात. पिशवी अशी आक्रसत नाही. पाणी उतरून काटा खाली येतो, सहाव्या दिवशी परत चढतो. दरम्यान प्रथिनं कमी पडून स्नायू झिजतात, केस मूठ-मूठ हातात येतात. सतत उलट्या होत असतील तर हा खेळ मुळीच नको; थायमिन म्हणजे बी-१ कमी पडून मेंदूपर्यंत इजा पोचू शकते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभर आहेत. बंद करायच्या यादीत त्या कधीच नाहीत.

आणि थोडं वजन परत येणं म्हणजे तुमचा पराभव नव्हे. स्वीडनमध्ये हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून एक अभ्यास झालाय. त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्के कमी राहिलं. म्हणजे थोडं परत आलं, बरंचसं राहिलं. पण खाण्यात काही बदल नसताना वजन भराभर चढत असेल, किंवा पूर्वी अर्ध्या वाटीत भरणारं पोट आता दोन वाट्यांनाही दाद देत नसेल, तर डबे तपासत बसू नका. सर्जनना भेटा. पिशवी किंवा जोड सैल झालेली असू शकते, थायरॉइड असू शकतो, एखादं औषध कारण असू शकतं. आता वजन कमी करण्याची इंजेक्शनंही आली आहेत. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावं, व्हॉट्सअॅपवरच्या मामेभावाने नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: गणपतीत मोदकाचं काय करायचं?)

खा. एक, उकडीचा, जेवणाच्या शेवटी, बसून, हळूहळू. बायपास झालेलं असेल तर आधी अर्धाच, आणि तासभर बघा काय होतं ते. नुसतं सारण चमच्याने खायचं नाही; ते विरघळतं, कळत नाही. वाटीभर उरलंच तर शेजारी पाठवा.