माजघरातला सर्व्हर

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळचं कौलारू घर. आषाढाचा पाऊस. कॅमेरा पडवीतून आत येतो.)

समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर हे घर आहे. माजघरातल्या कोनाड्यात पूर्वी रॉकेलची चिमणी असायची. आता तिथे जेमतेम एक लिटर आकारमानाचा संगणक आहे. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. मागे नेटवर्कची एक वायर आणि बाजूला 2 टीबीची डिस्क. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला हा डबा लॅमिंग्टन रोडवरून आणलाय.

घरातला मुलगा दिवसा पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. सर्व्हर, म्हणजे सगळ्या घराच्या फायली सांभाळणारा हा संगणक, हा त्याचा छंद. त्यात पगार नाही आणि गिऱ्हाईकही नाही. घरातल्या फोनमधले फोटो रात्री आपोआप इथे उतरतात. सातबाऱ्याचे, जुन्या खरेदीखतांचे स्कॅन इथे आहेत. आणि जत्रेतल्या दशावताराची रात्र रात्र केलेली चित्रणं. डिस्कची निम्मी जागा त्यांनीच खाल्लीय.

सॉफ्टवेअरचं काम एका संध्याकाळचं. खाली संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम: डेबियन, 1993 पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळत आलेलं लिनक्स. फोटोंसाठी इमिच, व्हिडिओंसाठी जेलीफिन. तिन्ही फुकट. यांचे धडे यूट्यूबवर ढिगानं मिळतात, त्यामुळे आपण तिथे रेंगाळत नाही. त्या धड्यांत एक गोष्ट सहसा नसते: खारी हवा.

(दृश्य: जुन्या राउटरची सर्किट पट्टी, जवळून. तांब्यावर चढलेला हिरवा थर.)

वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात आणि धुळीत मिसळून बसतात. कोरडे असेपर्यंत त्यांचा उपद्रव नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतं. मग पट्टीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यातून वीज वाहते, तांबं हिरवं पडतं, लोखंड गंजतं. जून ते सप्टेंबर इथली हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: यंत्र बंद करायचंच नाही. चालू संगणक आतून कोमट राहतो. बाहेरची 28 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा आत 38 अंशांपर्यंत तापली, तर पाणी तेवढंच राहून सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास येते. मीठ कोरडंच राहतं. पावसाळ्यात काटकसर म्हणून महिनाभर बंद ठेवलेला संगणक गणपतीत सुरू होत नाही, याचं कारण बरेचदा हेच असतं.

घरात अर्थातच प्रश्न आला. "ह्यां काय रे दिवसरात्र चालू ठेवलंस? बिल कोण भरतलो?"

"महिन्याक सात युनिटां गो आये."

हिशेब खरा आहे. डबा सरासरी 10 वॅट खातो. दिवसाचे 24 तास, महिन्याचे 30 दिवस धरले की 7.2 युनिट होतात. छताचा पंखा याहून कितीतरी जास्त ओढतो.

जागा कोनाड्याचीच का? माळा उन्हाळ्यात कौलांखाली भट्टी होतो आणि पावसात ठिबकतो. पडवीत खारा वारा थेट येतो. माजघर घराच्या पोटात, तिथे तापमान फार हलत नाही. तरी रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं बसवावी लागतात, कारण कुंभारीण माशीला यूएसबीचं भोक घरट्यासाठी पसंत पडतं. मुंग्यांना ऊब आवडते. आत पंखा नसलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्यावं, म्हणजे खारी धूळ आत ओढली जाणार नाही.

(दृश्य: वैशाखातला कातळ, मागे काजूची बाग. आकाश भरून आलेलं.)

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा. इथे मोटारी रिवाइंड करणाऱ्याचं ज्ञान कामी आलं. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही; खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. इंटरनेटची फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण घरापासून मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या शेडपर्यंत, तांब्याची नेटवर्क वायर टाकली, तर जवळपास पडलेल्या विजेचा झटका तिच्यातून दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकतो. म्हणून मांगरापर्यंतही फायबरच ओढलीय, दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर लावून.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा इकडे कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्याच बॅटरीवर दिवे आणि पंखेही चालतात. ती संपत आली की सर्व्हर नीट बंद व्हायला हवा. लिहिता लिहिता वीज तुटली तर डिस्कवरची माहिती बिघडू शकते. संगणकासाठीचा यूपीएस यूएसबीवरून निरोप देतो. घरचा इन्व्हर्टर मुका.

त्यावर या पठ्ठ्यानं काढलेली युक्ती मला फार आवडली. ईएसपी 8266 नावाचा स्वस्त वायफाय बोर्ड त्यानं मुद्दाम इन्व्हर्टरच्या बाहेरच्या सॉकेटला लावला. सर्व्हर दर मिनिटाला त्याला हाक मारतो. उत्तर आलं नाही म्हणजे वीज गेली. तासभर उत्तर नाही, तर सर्व्हर फायली मिटून झोपी जातो.

(दृश्य: कोकणकन्येचा डबा, रात्र. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली डिस्क.)

दुसरी प्रत ठाण्याला, बहिणीच्या घरी. दोन डिस्क एकमेकींचा आरसा करून एकाच डब्यात ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला, असं अनेक हौशी लोक समजतात. वीज पडली तर दोन्ही एकदम जातील. तोच पैसा दुसऱ्या गावातल्या डिस्कवर घालावा.

पण 2 टीबी पाठवायचे कसे? अपलोडचा वेग 20 एमबीपीएस धरला, तर न थांबता नऊ दिवसांहून जास्त लागतात. कोकणकन्या तेच काम एका रात्रीत करते. पहिली प्रत गाडीनं गेली. त्यानंतर रोज रात्री फक्त नवीन फायली जातात.

त्यातही एक अडचण. हल्ली बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून घरच्या राउटरला हाक मारता येत नाही. उपाय असा, की हाक आतून बाहेर मारायची. भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये ठेवून दोन्ही घरं वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरनं त्याला जोडलीत. मजकूर कुलूपबंद जातो, आणि घराची दारं इंटरनेटवर उघडी टाकावी लागत नाहीत.

चतुर्थीला ठाण्याची मंडळी येतात तेव्हा बहीण तिकडची डिस्क बरोबर आणते. जेवणं झाली की भाचा त्यातला कुठलाही एक अल्बम निवडतो, आणि तो कोऱ्या लॅपटॉपवर परत उतरवून दाखवायचा असतो. गेल्या वर्षी त्यानं आजीच्या पंचाहत्तरीचा निवडला होता. फोटो सगळे आले, एक व्हिडिओ अर्धाच उघडला. तो मूळ फोनवरच अर्धा होता की वाटेत तुटला, याचा शोध अजून चालू आहे.