रबर, गंधक आणि मे महिन्यातली रात्र

(दृश्य: द्राक्षबागेतली वाट. अंधार. ट्रॅक्टरच्या दिव्यात तरंगणारी धूळ.)

मे महिना. रात्रीचे साडेआठ. नाशिकहून दिंडोरीकडे जाताना आत वळलं की लागणारी ही द्राक्षबाग. खरड छाटणी, म्हणजे वेलींची उन्हाळी छाटणी, होऊन महिना झालाय, कोवळ्या फुटींनी तारा झाकायला घेतल्यात. सूर्य मावळून दीड तास झाला, पण शेडच्या भिंतीवर टांगलेला आमचा थर्मामीटर अजून 33 वरच आहे. जमिनीला तळहात लावला तर दुपारची धग हाताला लागते.

आज रात्री मी इथे एका रबरी पोशाखाचे फोटो काढणार आहे. तो घालणारी ती शेडमध्ये पंख्यासमोर उभी आहे. अंगावर लेटेक्सचा, म्हणजे पातळ रबराचा, काळा, गळाबंद, घोट्यापर्यंतचा पोशाख चढतोय. आधी त्वचेवर सिलिकॉनचं पातळ वंगण. मग एक पाय, दुसरा पाय, मग बाह्या. नख लावायचं नाही, बोटांच्या पोटांनी थोडं थोडं सरकवायचं. हा पोशाख तिनंच बनवलाय. 0.4 मिलिमीटर जाडीचा रबराचा ताव कापून, कडेला सोल्युशन लावून, रोलर फिरवून जोडलेला. शिलाई कुठेच नाही, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे फाटायला एक सुरुवात.

बागमालक काकांनी उरलेला तुकडा हातात घेऊन ताणून पाहिला. म्हणाले, "अरे, हे तर सायकलच्या ट्यूबसारखंच आहे की." बरोबर ओळखलं त्यांनी. पंक्चरवाला जे करतो, तेच ती करते. फक्त फार निगुतीनं.

तिच्या मोठ्या बहिणीनं मागची चेन वर ओढली आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. 15 मिनिटं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर उलटे पळणारे आकडे.)

मी लग्नांचे फोटो काढतो, त्यावर घर चालतं. येवल्याची पैठणी मी शेकडो वेळा टिपली असेल. जरीचा स्वभाव उदार आहे. दिवा कुठूनही येऊ दे, वळलेला धागा त्यातला थोडा प्रकाश कॅमेऱ्याकडे धाडतोच. लेटेक्सचं तसं नाही, तो आरसा आहे. वाकलेला, श्वासाबरोबर हलणारा काळा आरसा. त्याच्यावर प्रकाश पडत नाही म्हटलं तरी चालेल; त्याच्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि आपण त्या प्रतिबिंबाचा फोटो काढतो.

म्हणून रात्र. पहिला प्रयत्न मी दिवसा केला होता, हिवाळ्यात, सकाळी आठला. सगळं आभाळ तिच्या खांद्यावर येऊन बसलं. काळा रंग राखाडी दिसू लागला, त्यात विजेचा खांब, माझी गाडी आणि कॅमेरा धरून उभा असलेला मी. रात्री हे सगळं पुसलं जातं. जे मी ठेवीन तेवढंच दिसतं. शिवाय उन्हातली अतिनील किरणं रबराला जुनं करतात, आणि मे महिन्याच्या उन्हात हा पोशाख माणसाच्या अंगावर चढवणं हा विचारसुद्धा करू नये.

पुष्कळांनी सुचवलं, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर करा, पाण्यात दिवे छान दिसतील. मी नाही म्हटलं. घाट लोकांच्या श्रद्धेचा आहे, तिथे पहाटेपर्यंत कुणी ना कुणी अस्थी घेऊन, दिवा घेऊन येत असतं. आणि दुसरं कारण साधं आहे: काळ्या दगडाच्या पायऱ्या दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर बराच वेळ ते परत देत राहतात. त्यावर रबर घालून कुणाला बसवायचं?

(दृश्य: शेडचा कोपरा. रचलेली पोती.)

या कोपऱ्यात काकांची औषधं ठेवलेली असतात. भुरी आणि डावणी हे द्राक्षवेलीचे बुरशीचे रोग. भुरीसाठी गंधक. डावणीसाठी मोरचूद, चुन्यात मिसळून बोर्डो नावाचं फवारणीचं मिश्रण करायला. मी इथे आलो की या दोन पोत्यांपाशी थांबतोच, कारण आमच्या कामाचा अर्धा इतिहास यात भरलेला आहे.

1823 मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंतॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून न भिजणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. पण ते कोट थंडीत ताठ व्हायचे आणि उन्हाळ्यात चिकटायचे. कच्च्या रबराला ऊन सोसत नव्हतं. मग अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलं की रबरात गंधक घालून तापवलं तर त्याचे लांबलचक धागे एकमेकांना बांधले जातात, मग ते वितळत नाही, ताणून सोडलं की मूळ जागी येतं. पेटंट 1844 चं. गंधकानं रबराला उन्हाळा सोसायला शिकवलं.

आणि तांबं त्याच रबराचं वैरी. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. मागच्या जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, आम्ही याच बागेत फिकट मोतिया रंगाचा पोशाख आणला होता. ती वेलींच्या मधून चालली, पानं बाहीला घासली, घामेजल्या हातानं तिनं खोड धरलं. फोटो सुंदर आले. दुसऱ्या दिवशी पोशाख धुवायला काढला तर बाहीवर आणि कमरेला तपकिरी डाग, बोटांच्या आकाराचे. धुऊन गेले नाहीत, कधीच जाणार नाहीत. दोन आठवडे आधी तिथे बोर्डोची फवारणी झाली होती आणि मी काकांना विचारलंच नव्हतं. तीन आठवड्यांची तिची मेहनत होती ती. त्या बाहीकडे बघताना ती काही बोलली नाही, आणि मला अजून ते आठवतं.

आता आम्ही विचारतो. फवारणी कधी झाली, कशाची झाली. पितळी बांगडी, तांब्याची अंगठी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं शेडमध्ये उतरवून ठेवायचं आणि हात साबणानं धुवायचे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात राहतो आम्ही. घरातला साधा तांब्या उचलून आलेलं बोटसुद्धा फिकट रबरावर उमटतं. खोबरेल तेलही वर्ज्य. तेलानं रबर फुगतं आणि कमजोर होतं, म्हणून त्या दिवशी केसांना तेल नाही, हातापायाला तेलकट मलम नाही. आणि ज्याला रबरी हातमोज्यांनी कधी खाज सुटली असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, त्यानं हे घालायचंच नाही.

(दृश्य: रिकामी जागा. मधोमध काळा प्लास्टिकचा पिंप. दोन्ही बाजूंना उंच, अरुंद दिवे.)

हा पिंप बघून लोक विचारतात, हा फोटोत येणार का? नाही. हा आमचा कच्चा खर्डा. काळा, गोल, चकचकीत. पोशाख चढवण्याआधी, ती पंख्यासमोर बसलेली असताना, आम्ही पिंपावर दिवे लावून घेतो. तब्बल दीड तास. काळं रबर समोरून आलेल्या प्रकाशातला शंभरातला चार-पाच भागच परत देतं, बाकी गिळतं. तोच प्रकाश कडेनं चाटून गेला की बराच जास्त परत येतो. म्हणून समोर दिवा नको. दोन उंच, अरुंद सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडून मऊ प्रकाश देणारे दिवे, मागून, दोन्ही बाजूंना. पिंपाच्या कडेवर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ अखंड उमटली की समजायचं, खांद्यापासून घोट्यापर्यंत अशीच येईल. रेघ तुटली तर दिवा वीतभर सरकवायचा. काळ्या रात्रीपुढे काळा पोशाख; ती रेघ नसेल तर फोटोत फक्त चेहरा तरंगताना दिसेल.

कॅमेऱ्याचे आकडे आधीच ठरवलेले: आयएसओ 400, एफ 4, सेकंदाचा एकशेसाठावा भाग. काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून फोकस चेहऱ्यावर किंवा जोडाच्या कडेवर. आम्ही सगळे काळ्या कपड्यांत, नाहीतर तिच्या पोटावर आमचेच शर्ट दिसतात. फ्लॅश वापरतो, कारण सतत जळणाऱ्या दिव्यावर किडे येतात आणि पोशाखावर चकाकीसाठी लावलेल्या सिलिकॉनला चिकटतात.

एवढी तयारी कशासाठी, तर तिचं एक मिनिटही मला दिवा सरकवण्यात घालवायचं नाही म्हणून.

(दृश्य: ती शेडमधून बाहेर येते. पावलांचा आवाज.)

घाम वाळतो, म्हणून माणूस थंड होतो. रबराच्या आत घाम वाळतच नाही. अंग घाम गाळत राहतं, पाणी आणि मीठ जात राहतं, आणि थंडावा काहीच मिळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही, कारण पोशाख तसाच तुकतुकीत. म्हणून वेळ मी ठरवत नाही. तिनं हात वर केला की थांबायचं. ताईनं "बास" म्हटलं की थांबायचं, माझं बोट बटणावर असलं तरी. डोकं दुखणं, मळमळ, बोलताना शब्द अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर त्या रात्रीचं काम संपलं, चेन उघडायची. प्रत्येक फेरीआधी आणि नंतर मीठ-साखरेचं लिंबू सरबत. आणि एक युक्ती, जी आम्हाला खूप उशिरा सुचली: पोशाखावर बाहेरून पाणी शिंपडायचं आणि पंखा सोडायचा. रबर इतकं पातळ आहे की बाहेरचं पाणी वाळताना आतल्या अंगालाही गार वाटतं.

सातव्या मिनिटाला मी काकांना हाक मारली. ट्रॅक्टर जरा मागे घ्या, दिवा चालू ठेवा. मला तिच्या पाठीमागे पिवळा उजेड हवा होता. काका ट्रॅक्टर मागेपुढे करत होते, उजेड जुळत आला होता, आणि बाराव्या मिनिटाला तिनं हात वर केला.

मी कॅमेरा खाली ठेवला.

शेडमध्ये ती खुर्चीवर बसली. ताईनं मनगटाजवळची कड बोटानं उचलली आणि आतून पाण्याची धार मातीवर पडली. ओंजळभर तरी असेल. काकू घरातून सरबताचा तांब्या घेऊन आल्या आणि ताईनं तो हळूच हातातून घेऊन स्टीलच्या पेल्यात ओतला.

दुसरी फेरी दहानंतर. पारा 30. तिनं स्वतःच सांगितलं, "दादा, या वेळी दहाच मिनिटं." ट्रॅक्टर आता जागेवर होता, बागेतून वारा सुटला होता. चौथ्या मिनिटाला ती वळली, एक हात तारेच्या वर, तारेला न लावता. डाव्या खांद्यापासून घोट्यापर्यंत पांढरी रेघ, आणि उजवीकडे, कमरेच्या वळणावर, एक बारीक पिवळी.

काकांनी चष्मा वर करून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही पिवळी कसली?"

"तुमच्या ट्रॅक्टरच्या दिव्याची, काका."

ते पुन्हा एकदा वाकून बघायला लागले. मागे ताईनं चेन खाली ओढली.