ज्येष्ठमधाची गोडी आणि मूत्रपिंडाचा पहारेकरी

मंडळी, विषय म्हणून फलकावर ‘ज्येष्ठमध किती आणि किती दिवस?’ असं लिहिलं आहे. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी एक चाळीस वर्षं रेंगाळलेलं कोडं सांगतो. ते उलगडलं की उत्तर पाठ करावं लागत नाही.

१९४६ साली नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठरातल्या व्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क दिला. व्रण भरू लागले, दुखणं थांबलं. पण पाचातल्या साधारण एकाचा चेहरा नि हातपाय सुजले, आणि मात्रा कमी केली की सूज ओसरायची. मग त्याच देशात बोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केलं. अर्क घेणाऱ्याच्या शरीरात मीठ-पाणी साठत होतं आणि लघवीवाटे पोटॅशियम निघून जात होतं. ॲड्रिनल ग्रंथींतून स्रवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक नेमकं हेच काम करतं. म्हणून ज्यांच्या या ग्रंथी निकामी झाल्या होत्या, अशा ॲडिसन विकाराच्या रुग्णांना अर्क देऊन पाहिला. काहींना छान लागू पडला, पण ज्यांची ग्रंथी पार बंद होती त्यांच्यावर काहीच परिणाम नाही! त्यांना थोडं कॉर्टिझोन हे दुसरं संप्रेरक सोबत दिलं की मात्र अर्क काम करू लागे. अर्क स्वतः संप्रेरकासारखा वागत असता तर त्याला जोडीदार कशाला लागला असता?

उलगडा १९८७ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी मांडला, आणि तो फार देखणा आहे. मूत्रपिंडाच्या पेशीत अल्डोस्टेरॉनसाठी एक कुलूप असतं. पण त्याच ॲड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची किल्लीही त्या कुलपाला तितकीच नीट बसते, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. म्हणून पेशीनं दारात एक एन्झाइम पहाऱ्याला बसवलं आहे. आलेल्या कॉर्टिसॉलचं ते कॉर्टिझोन करतं, आणि कॉर्टिझोन त्या कुलपाला बसत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती पडलं की त्याचं ग्लिसिरेटिनिक आम्ल होतं, आणि हे आम्ल त्या पहारेकऱ्यालाच निकामी करतं. मग कॉर्टिसॉल सरळ आत शिरतं. मीठ अडतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. कॉर्टिसॉलच नसेल तर आत शिरणार कोण? आणि सोबत दिलेल्या कॉर्टिझोनचं यकृतात पुन्हा कॉर्टिसॉल होतं, म्हणून तो जोडीदार लागायचा. ॲडिसनचं कोडं इथं सुटलं.

आता माझी खरी तक्रार. कुणाला त्रास झाला की पहिला प्रश्न येतो, ‘मुळीत भेसळ असेल का?’ भेसळ होते. गुंजेची मुळं ज्येष्ठमध म्हणून खपवली जातात, तो धोका वेगळा. पण मी सांगतोय तो धोका अस्सल मुळीचा आहे. जे द्रव्य गोडी देतं तेच पहारेकऱ्याला निकामी करतं. मुळीत ते जितकं जास्त, तितकी तिची मात्रा जपून ठरवायला हवी. आणि वेष्टनावर चूर्णाचे ग्रॅम छापतात, त्यातलं ग्लिसिरायझिन किती मिलिग्रॅम हे बहुतेकदा नसतंच. हे छापायलाच हवं.

वेळ संपत आली, म्हणून फलकावरचा प्रश्न झटपट घेतो. युरोपातल्या तज्ज्ञ समितीनं सर्वसाधारण प्रौढासाठी ग्लिसिरायझिनची वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम धरली आहे. मुळीत ते ४ टक्के धरा: अडीच ग्रॅम चूर्णात १०० मिलिग्रॅम भरतं. शीग लावलेला चमचा सहज तेवढा होतो, तेव्हा काट्यावर मोजा. काढ्यात सगळं उतरत नाही, चूर्ण मात्र पुरतं पोटात जातं. घनसत्त्वाच्या, म्हणजे आटवलेल्या अर्काच्या गोळीत २० टक्के ग्लिसिरायझिन असेल, तर ५०० मिलिग्रॅमच्या एकाच गोळीत दिवसाची मर्यादा संपते. घसा दुखतोय म्हणून दोन-चार दिवस घेणं वेगळं. रोजच्या रोज घ्यायचं झालं तर चार आठवड्यांवर जाऊ नका. ग्लिसिरायझिन काढून टाकलेला अर्कही मिळतो. पोटासाठी घ्यायचाच असेल तर तो बरा.

उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी घेऊ नये. गरोदरपणीही नको, कारण वारेतही हाच पहारेकरी बाळाला आईच्या कॉर्टिसॉलपासून जपत असतो. फ्युरोसेमाइड, थायाझाइडसारख्या लघवीच्या गोळ्या, प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, रोजचं सोनामुखीचं रेचक, हे सगळे पोटॅशियम घटवणारेच. त्यांत ज्येष्ठमधाची भर नको. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर अजिबातच नको. पोटॅशियम उतरलं की त्याच मात्रेत डिगॉक्सिन विषारी ठरतं. बद्धकोष्ठ असलेल्यांनी जास्त जपावं: आतडं मंद, म्हणून आम्ल अंगात जास्त वेळ राहतं, आणि पोटॅशियम घटलं की आतडं आणखी मंदावतं.

ओळखायचं कसं? नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून ठेवा. उचलल्यावर खळगा राहिला तर पाणी साठलंय. डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, छातीत धडधड, यांतलं काहीही दिसलं तर ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद. रक्तदाब पाहा, रक्तातलं पोटॅशियम तपासा, ३.५ च्या खाली असेल तर हृदयाचा आलेखही काढतात. धडधडीसोबत चक्कर किंवा बेशुद्धी आली तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. ‘औषधं कोणती चालू आहेत?’ असं विचारलं की ज्येष्ठमध कुणी सांगत नाही, आणि तपासण्या भलत्याच दिशेला जातात. बंद केल्यावरही परिणाम दोन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतो, म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी पोटॅशियम पुन्हा एकदा तपासून घ्या.