घडीच्या दारांचं कपाट: आधी बिजागरी, मग लाकूड

नमस्कार. मी बसूनच बोलतो. उभा राहिलो की हात आपोआप रंधा शोधायला लागतात, तीस वर्षांची सवय आहे.

टेबलावर हे जे ठेवलंय ते एका कपाटाचं अर्धं दार. दोन झडपा आणि त्यांना जोडणाऱ्या तीन पितळी बिजागऱ्या. कपाट गिरगावातल्या एका चाळीतून आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं, पण वाळवीने पाठ आणि तळ असा खाल्ला होता की शेवटी दारच उरलं. आता बघा. एक झडप मी घट्ट धरतो आणि दुसरीचं मोकळं टोक दोन बोटांनी वर उचलतो. टक्. ऐकू आलं? मागच्या रांगेपर्यंत आलं? आज मी मुख्यतः या आवाजाबद्दल बोलणार आहे.

जुनं कपाट बघायला गेलेला माणूस काय करतो? लाकडावरून हात फिरवतो, टिचकी मारतो, आणि विचारतो, "बर्मा टीक का?" म्हणजे ब्रह्मदेशचा साग का? दुकानदार "हो" म्हणतो. मुंबईत जुन्या सामानाच्या बाजारात, मटण स्ट्रीटला विचारा, ओशिवऱ्याला विचारा, आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी विचारा, उत्तर एकच. मग पॉलिश बघून सौदा होतो. साध्या दाराच्या कपाटात हे एक वेळ चालून जातं. घडीचं दार म्हणजे मात्र एक छोटं यंत्र असतं, आणि यंत्र घेताना आधी ते चालतं कसं ते बघायचं असतं.

ही दारं मुळात का करायचे? चाळीतली खोली दहा बाय बारा. त्यात पलंग, चूल, देव्हारा आणि भिंतीला चार फुटी कपाट. त्याला दोन साधी दारं लावली तर प्रत्येक दार दोन फुटांचं, म्हणजे उघडायला पुढे दोन फूट जागा मोकळी हवी. पलंग आणि कपाटाच्या मधे दोन फूट जागा असती तर तिथे आणखी एक पाहुणा झोपला असता! तेच दार मधे दुमडलं की फूटभरात काम भागतं. वाड्यात ही अडचण नव्हती, तिथे दोन-अडीच फुटी भिंतीतच फडताळ काढलेलं असायचं. भिंती पातळ झाल्या, तसं कपाट खोलीत आलं आणि जागा खायला लागलं.

आता भार बघू. सहा फूट उंच आणि फूटभर रुंद सागवानी झडप सात-आठ किलोची भरते. बाहेरची झडप कपाटाच्या अंगाला टांगलेली, आणि आतली झडप त्या बाहेरच्या झडपेला. म्हणजे कपाटाकडच्या बिजागऱ्यांवर पंधरा किलो, वर्षानुवर्षं. पितळ मऊ धातू आहे. पिन फिरून फिरून नळ्या आतून झिजतात आणि दार केसभर खाली येतं. मधल्या बिजागऱ्यांमध्ये तेवढीच झीज झाली की दोन्ही ढिलाया आतल्या झडपेच्या टोकाला एकत्र दिसतात. मघाचा टक् आवाज याच ढिलाईचा. मग ती झडप तळाला घासते. दुकानात कपाट बघताना म्हणूनच खाली वाका. तळफळीवर चंद्रकोरीसारखा घासल्याचा ओरखडा असेल तर दार किती वर्षं लोंबतंय ते तिथे लिहिलेलं आहे. ओरखडा नाही, पण झडपेची खालची कड पांढुरकी, ताजी रंधलेली दिसते? मग कुणीतरी बिजागरी दुरुस्त करायच्या ऐवजी दार कापलंय. असं कपाट मी घेत नाही. बिजागरी नवी घालता येते, कापलेलं लाकूड परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. मधली बिजागरी कोणत्या बाजूला आहे? बिजागरीची नळी ज्या बाजूला, त्या बाजूने दार मिटतं. मधली नळी पुढून दिसत असेल, तर आतली झडप पुढे येऊन बाहेरच्या झडपेवर पालथी पडते. यात फायदा असा, की बाहेरच्या झडपेला वर-खाली कडी लावून ठेवायची आणि रोजच्या कामाला फक्त मधल्या दोन झडपा उघडायच्या. नळी आतल्या अंगाला लपवलेली असेल, तर पुढून कपाट देखणं दिसतं, पण दोन्ही झडपा एकदम हलतात. मधला सांधा पुढे येतो आणि पाठी एकमेकींना चिकटतात. त्या फटीत बोट सापडतं. नातवंडं असलेल्या घरात मी पहिला प्रकारच घ्या म्हणतो, दिसायला थोडा कमी असला तरी.

मिटलेल्या झडपांच्या कडा उजेडात धरा. जुन्या बिजागरीची खाच बुजवून वर पॉलिश मारलेलं असतं, ते तिरप्या उजेडात चौकोनी डागासारखं उठून दिसतं. एका कडेला दोन बुजवलेल्या खाचा असतील तर बिजागऱ्या बदलल्यात, हरकत नाही. पण झडपेवर खाचा आहेत आणि कपाटाच्या अंगावर त्यांच्या समोर काहीच नाही, तर दार एका कपाटाचं आणि अंग दुसऱ्या कपाटाचं. बाजारात असली लग्नं बरीच लागतात. काही संसार चांगले चालतात, पण मग शंभर वर्षांच्या जोडप्याचा भाव देऊ नका.

वय सांगताना लोक सढळ असतात. स्क्रू बघा. डोक्यावर एकच सरळ खाच असेल तर ठीक. चौफुली असेल, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तर लक्षात ठेवा की हेन्री फिलिप्स नावाच्या अमेरिकन माणसाने त्याची पेटंट घेतली ती १९३६ साली. सांध्यातून पांढरट, प्लास्टिकसारखा डिंक ओघळलेला दिसला तर आणखी पुढे या, फेविकॉल १९५९चा. त्याआधी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. तो तपकिरी, काचेसारखा तडकणारा असतो. अर्थात स्क्रू आणि डिंक दुरुस्तीत नंतर आलेले असू शकतात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. सरसाचा सांधा ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून जुनं काम आम्ही पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त करू शकतो. नव्या डिंकाचा सांधा उघडताना लाकूडच फाटतं.

बर्मा टीकचं काय? ब्रिटिशांनी बर्मा टप्प्याटप्प्याने घेतला, शेवटचा टप्पा १८८५चा, आणि त्या लढाईला निमित्त झालं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला लाकडाच्या व्यवहारात झालेला दंड. मुंबईत तिथलं सागवान मुबलक यायचं हे खरं. पण आपला चंद्रपूर-आलापल्लीचा सागही कमी नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तोच गेला. कपाटाचं वळण चांगलं असेल तर मी लाकडाच्या जन्मगावावरून भांडत नाही. साग आहे की नाही एवढं बघा. दाराच्या खालच्या कडेला, दिसणार नाही तिथे, ब्लेडने किंचित खरवडा. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला तेलकट लागतं.

दार एका अखंड फळीचं आहे की चौकटीत दिलहे, म्हणजे सुट्या पातळ फळ्या, बसवलेलं आहे, हे मात्र लाकडाच्या जातीपेक्षा महत्त्वाचं. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. पावसाळ्यातल्या मुंबईहून कपाट एप्रिलमधल्या नागपूरला नेलं तर फूट-दीड फूट रुंद अखंड सागवानी फळी काही मिलिमीटर आकसू शकते. चार झडपा म्हणजे चार वेळा. मग मधली कडी कोयंड्यात बसत नाही. दिलह्याच्या दारात हलतात त्या फक्त उभ्या पट्ट्या, दोन्हींची रुंदी मिळून पाच-सहा इंच. दिलहा आपल्या खाचेत सुटा असतो, तो आत खुशाल आकसू दे. उन्हाळ्यात दिलह्याच्या कडेला पॉलिश नसलेली बारीक रेघ दिसते, ती दोषाची नाही. जुन्या सुताराने दिलहा चिकटवला नव्हता याची ती पावती आहे. कुणी हौशीने तिथे डिंक भरला की पुढच्या पावसाळ्यात दिलहा मधोमध तडकतो.

माझी एक फजिती सांगतो. पहिल्या काही वर्षांतली. एका विक्रेत्याकडे चार झडपांचं सुंदर कपाट बघितलं, दारं लोण्यासारखी चालत होती. घरी आणलं, मांडलं, तर मधल्या दोन झडपा बोटभर वर-खाली. दोन दिवस बिजागऱ्यांशी झटलो. मग आठवलं, दुकानात डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. पाठीची फळी पूर्वी कधीतरी काढून पातळ प्लायवूड ठोकलं होतं, त्यामुळे अख्खं अंग तिरकं झालं होतं, आणि पुठ्ठ्याने ते दुकानाच्या जमिनीपुरतं सरळ केलं होतं. चूक माझी. तेव्हापासून खिशात सुतळी ठेवतो. कपाटाच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजायचे. फरक पडला तर आधी पाठ बघायची, दार नंतर. आणि तीच सुतळी घेऊन घरी जिना मोजायचा. मोठी जुनी कपाटं पाचरी काढल्यावर सुटी होतात, पण विकणाऱ्याला ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

डेको, म्हणजे १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या कपाटांबद्दल थोडक्यात. १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये वास्तुरचनाकारांच्या संस्थेने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं. फ्लॅटमधला आटोपशीर, गोल कोपऱ्यांचा संसार हा त्या काळचा शौक. त्या कपाटांवर पातळ लाकडी पापुद्रा असतो. नखाने टिचकी मारत जा. पोकळ आवाज येईल तिथे पापुद्रा सुटलाय. पॉलिश लाखेचं असेल तर कापसाच्या बोळ्यावरच्या स्पिरिटने डाग चिकट होतो, आणि चिकट झालेला मला आवडतो, कारण ते पॉलिश पुन्हा चढवता येतं.

पट्ट्यांचं गुंडाळणारं दार, म्हणजे आपल्या पेढ्यांवरची रोलटॉप टेबलं, हा घडीच्या दाराचा चुलतभाऊ. कापडावर लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या दोन्ही बाजूंच्या खाचेत सरकतात. तिथे पट्ट्या बघू नका, मागचं कापड बघा. कापड कुजलं असेल तर सगळ्या पट्ट्या उतरवून पुन्हा चिकटवाव्या लागतात, आठवड्याचं काम. ओढताना दार मधेच तिरकं अडकलं तर जोर लावू नका, मेण घासा.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय: आजीचं घडीच्या दारांचं कपाट न्यू जर्सीला मुलाकडे पाठवायचंय. आधी वय ठरवा. १९७२च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कपाट तेवढं जुनं नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्या, मगच जहाजाचं बघा. आणि शिसवीचं असेल तर वेगळी चौकशी, कारण ती झाडाची जात २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. शिवाय न्यू जर्सीत हिवाळ्यात घर आतून कोरडं ठणठणीत असतं. दिलह्याचं दार असेल तर निभेल. अखंड फळीचं असेल तर मुलाला सांगा, पहिल्या हिवाळ्यात झडप आकसून कडी बसली नाही म्हणून तिला हात लावू नकोस, जूनपर्यंत थांब.

ही झडप आता खाली फिरवतो. जड आहे, दोघांनी धरा. आणि टोक उचलून बघा.