जुन्या ट्रॅक्टरची परतीची वाट

श्रोतेहो, नमस्कार. बागेत गवत कापायला, छोटी ट्रॉली ओढायला वापरतात तो लहान ट्रॅक्टर जुना झाला की एक तक्रार हमखास येते. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, काही फिरत नाही. मग पहिला संशय बॅटरीवर, दुसरा स्टार्टरवर. दोन्ही नवे बसवूनही ‘टक्’ तसाच राहिलेला पुष्कळांनी अनुभवला असेल.

बॅटरीतून निघालेल्या करंटला बॅटरीकडे परतही यावं लागतं. या यंत्रांत परतीसाठी बहुधा वेगळी तार नसते, ते काम चॅसी, म्हणजे ट्रॅक्टरचा लोखंडी सांगाडाच करतो; या जोडणीलाच ‘अर्थ’ म्हणतात. निगेटिव्ह केबल चॅसीला बोल्टने जोडलेली, इंजिन चॅसीवर बसवलेलं, आणि स्टार्टर इंजिनवर. यातल्या प्रत्येक सांध्यात वर्षानुवर्षांचा गंज आणि रंग साचतो. त्यात इंजिन रबरी माउंटिंगवर असेल, तर सगळी मदार एका पट्टीवर किंवा केबलवर येते.

सांध्यात अडथळा तरी असा किती असणार? समजा, एक ओहमचा शंभरावा भाग. दिव्याला तो जाणवणारही नाही. पण सेल्फ मारताना दीडशे अँपिअर लागत असतील, तर एवढाच अडथळा दीड व्होल्ट खातो. आधीच दमलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला ही चोरी परवडत नाही.

म्हणूनच मल्टिमीटर ओहमवर लावून केबल तपासण्यावर माझा भरवसा नाही. केबलची एकच तार शाबूत असली तरी तो ‘सगळं ठीक’ म्हणतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे; दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, स्पार्क प्लगची टोपी काढून इंजिनला अर्थ केलेली. आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास आला तर अर्थ चांगला आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर चोर सापडला. मग खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते चॅसी, चॅसी ते इंजिन असं पुढं सरकत जा, म्हणजे नेमका कुठला सांधा ते कळेल.

दुरुस्तीला हात घालताना आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना ती शेवटी, कारण बॅटरीजवळ ठिणगी नको. सांध्याखालचा रंग खरवडून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा. सगळ्यात गुणकारी इलाज म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट स्टार्टरच्या माउंटिंग बोल्टपर्यंत जाड तांब्याची केबल. पंचवीस चौरस मिलिमीटरची पुरते. तिच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, नीट दाबून बसवलेलं हवं. पक्कडीने चेपलेलं चालत नाही. जुनी जोडणी काढू नका, दिवे आणि स्विच तिच्यावरच चालतात. काही ट्रॅक्टरांत सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणाऱ्या विद्युत स्विचला, अर्थ त्याच्या बुडातूनच मिळतो. तो बसवलेल्या पत्र्याला कुणी हौसेने नवा रंग दिला असेल, तर तिथेही खरवडावं लागेल! फार जुन्या काही यंत्रांत पॉझिटिव्ह बाजू चॅसीला असते, ते आधी बघून घ्या.

एक गोष्ट मात्र सुरक्षिततेची. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारी चुंबकी यंत्रणा, असलेलं इंजिन बंद होतं तेच मुळी अर्थमुळे. किल्ली बंद केली की स्विच मॅग्नेटोची तार चॅसीला जोडतो आणि ठिणगी थांबते. स्विचचा अर्थ सुटलेला असेल, तर किल्ली हातात आली तरी इंजिन चालूच राहतं, आणि सीटखालचा सुरक्षा स्विचही निकामी ठरू शकतो. म्हणून काम संपल्यावर, गवत कापायची पाती फिरणार नाहीत अशी सोडवलेली असताना, इंजिन चालू करून किल्लीने एकदा बंद करून पाहा. त्या तारेला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावू नका, कॉइल जळेल.